एकादशीचे ताट आणि रक्तातील साखर

आषाढ शुद्ध एकादशी उजाडली की महाराष्ट्राची पावले मनाने तरी पंढरीची वाट चालू लागतात. आळंदीहून ज्ञानोबांची आणि देहूहून तुकोबांची पालखी निघून एव्हाना तीन आठवडे होत आलेले असतात. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. आणि ज्यांना वारी घडत नाही ते घरीच विठ्ठलाच्या तसबिरीला तुळशीचा हार घालून उपवास धरतात. वर्षातल्या इतर एकादश्या कोणी पाळो वा न पाळो, आषाढीला मात्र घरातल्या शाळकरी पोरापासून आजोबांपर्यंत सर्वांचाच उपवास असतो. आदल्या रात्री साबुदाणा भिजत पडतो, दाण्याचे कूट होते, बटाटे उकडले जातात आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण हसतखेळत सार्थ केली जाते.

या आनंदात विरजण घालण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तथापि याच दिवशी अनेक घरांतून एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, त्याचा विचार या पर्वकाळी व्हावा असे आम्हांस वाटते. प्रश्न असा की, ज्याला मधुमेह आहे त्याने एकादशी करावी काय, आणि करावयाची तर कशी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी दहा लाख रुग्ण आहेत, आणि त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी सुमारे तेरा कोटी साठ लाख. तेव्हा हा प्रश्न आता एखाद्या घरापुरता राहिलेला नाही.

मावशींची एकादशी

कित्येक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एक मावशी एकादशीच्या मोठ्या नेमाच्या. मधुमेह जडून दहाबारा वर्षे झाली होती. सकाळची गोळी त्यांनी कधी चुकवली नाही आणि एकादशीही कधी चुकवली नाही. त्या आषाढीला त्यांनी नेहमीप्रमाणे स्नान करून गोळी घेतली, आणि "आज फक्त पाण्यावर राहीन" असा संकल्प सोडला. दुपारी हरिपाठ चालला असता त्यांचे शब्द अडखळू लागले. अंगाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, समोरच्या माणसाला त्या भलत्याच नावाने हाका मारू लागल्या. कोणी म्हणाले, उपवासाचा शीण. कोणी म्हणाले, भजनात भान हरपले आहे. शेजारी राहणाऱ्या एका नर्सबाईंनी मात्र त्यांचा ओला, गार पडलेला हात हाती घेतला आणि तत्काळ साखरेचे पाणी मागवले. मावशींना अजून गिळता येत होते, म्हणून ते घोटघोट पाजता आले. पाऊण घटकेत त्या सावध झाल्या. साखर पुन्हा उतरू नये म्हणून नर्सबाईंनी अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाऊ घातली.

पूर्ण भानावर येताच मावशींच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जीव वाचल्याचे त्यांना काहीच नव्हते. "बाळांनो, एवढ्या वर्षांची माझी एकादशी मोडलीत रे!" असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. त्या रडण्यापुढे नर्सबाईंपाशी आणि आम्हांपाशीही उत्तर नव्हते. ते उत्तर पुढे कोणी दिले ते ओघाने सांगू. त्याआधी, त्या दुपारी मावशींच्या देहात काय घडले ते पाहू.

एक चमचा साखर

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. निरोगी माणसाच्या त्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी केवळ पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढी साखर असते. आपण लाडू खावा की लंघन करावे, शरीर अहोरात्र हा एक चमचा सांभाळण्याच्या खटपटीत असते. जेवणानंतर साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन नावाचा रस रक्तात सोडते. त्याच्या योगे साखर पेशींत शिरते आणि उरलेली यकृतात साठवली जाते. पोट रिकामे असता यकृत तोच साठा थोडाथोडा मोकळा करते. निरोगी माणूस एक दिवस निराहार राहिला तरी त्याला भोवळ येत नाही, ती यकृताच्या या कोठारामुळे.

मधुमेहात काय बिघडते? पंढरीची दर्शनबारी डोळ्यांपुढे आणावी. मंदिराचे दारच उघडले नाही तर बाहेर बारी लांबतच जाते आणि सभामंडप मात्र रिकामा राहतो. इन्सुलिन हा त्या दाराचा द्वारपाल होय. काहींच्या शरीरात तो जवळजवळ नसतोच. बहुधा बालपणी वा तरुणपणी दिसणारा हा पहिला प्रकार. बहुसंख्य रुग्णांत द्वारपाल हजर असतो, पण दारेच जड झालेली असतात, आणि कालांतराने तोही थकतो. हा दुसरा प्रकार. दोन्हींत परिणाम एकच. रक्तात साखरेची गर्दी आणि पेशी उपाशी. ही गर्दी वर्षानुवर्षे राहिली की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, नसा आणि हृदय यांना ती हळूहळू पोखरते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणूनच ती अधिक घातक.

आकडे थोडके आहेत, ते लक्षात ठेवावेत. दर शंभर मिलिलिटर रक्तामागे उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे हे आरोग्याचे लक्षण. १०० ते १२५ हा धोक्याचा उंबरठा. १२६ वा त्याहून अधिक आढळली आणि फेरतपासणीतही तसेच दिसले की मधुमेह निश्चित. मागील दोनतीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी ६.५ टक्के वा अधिक आल्यासही निदान तेच. उलट बाजूस ७० च्या खाली साखर उतरणे हे तातडीचे संकट होय, कारण मेंदूचा चरितार्थ मुख्यत्वे या साखरेवर चालतो.

आपण लठ्ठ नाही म्हणून आपल्याला भय नाही, असे कोणी समजू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि बालकांचा जो अभ्यास चालवला, त्यातून दिसले की आपली बालके वजनाने कमी भरत असली तरी त्यांच्या अंगी मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. बाहेरून सडपातळ आणि आतून मेदयुक्त अशी ही आपली ठेवण मधुमेहाला अनुकूल ठरते.

एकाच दिवसाच्या दोन चुका

मावशींच्या गोळीचे काम स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन बाहेर काढण्याचे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही या वर्गातील औषधे. गोळी आपले काम चोख करीत होती, परंतु पोटात अन्न नव्हते. गोळी घेतली आणि जेवण टाळले, ही पहिली चूक. इन्सुलिनची सुई नेहमीच्याच मात्रेत टोचून उपाशी राहणे हीदेखील त्याच जातीची चूक, किंबहुना अधिक गंभीर.

दुसरी चूक नेमकी उलटी. "आज उपवास आहे, मग गोळी कशाला?" असे म्हणून औषध बंद ठेवायचे आणि दिवसभर खिचडी, वडे, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या गोड चकत्या, केळी, खजूर यांचा फराळ करायचा. दिवस आनंदात जातो आणि साखर अडीचशे-तीनशेच्या घरात जाऊन बसते. पहिली चूक तासाभरात गाठते. दुसरी मागाहून वसुली करते.

म्हणून ज्याला उपवास धरावयाचा आहे त्याने निदान दोनतीन आठवडे आधी आपल्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. कोणती गोळी चालू ठेवावी, कोणती निम्मी करावी, कोणती त्या दिवशी वगळावी, हे तेच ठरवू शकतात. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे घेणाऱ्याने निर्जळी उपवास केल्यास शरीर शुष्क होण्याचा आणि रक्तात घातक आम्ले साचण्याचा धोका असतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तर इन्सुलिन पूर्ण बंद करणे एक दिवसही प्राणावर बेतू शकते. असे रुग्ण, गर्भवती स्त्रिया, मूत्रपिंडाचा विकार असलेले, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि ज्यांची साखर वारंवार एकाएकी उतरते असे लोक, यांनी उपवासाचा हट्ट धरू नये.

उपवासाच्या दिवशी साखर दोनचार वेळा मोजावी. बोटाच्या टोकाला टोचून रक्ताचा थेंब पाहिल्याने व्रताला बाध येत नाही. ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा घाम, कंप, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे यांपैकी काही जाणवले, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि नंतर काही खावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. जुन्या रुग्णांना या पूर्वसूचना कधीकधी जाणवतही नाहीत, म्हणून घरच्यांचे लक्ष असावे. साखर ३०० च्या वर गेली तरीही उपवास सोडून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

फराळाच्या ताटाची कुळकथा

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पंच्याऐंशी ग्रॅमहून अधिक निव्वळ पिष्ट असते. प्रथिने आणि चोथा नावापुरते. हे पिष्ट पचावयास हलके, म्हणूनच ते त्वरेने साखर बनून रक्तात उतरते. त्यात बटाटा घातला की पिष्टात पिष्टाचीच भर पडते. दाण्याचे कूट तेवढे प्रथिने आणि स्नेह पुरवून साखरेचा वेग किंचित रोखते.

गंमत अशी की, ज्या साबुदाण्यावाचून आपली एकादशी अडते तो तसा अलीकडचा पाहुणा आहे. आपल्याकडील साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून होतो, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने उभे राहिले ते १९४० च्या दशकात. बटाटा, रताळे, भुईमूग, एवढेच काय खिचडीतली हिरवी मिरचीदेखील, सगळी अमेरिकेहून आलेली मंडळी. पोर्तुगीज गलबतांनी समुद्रमार्ग खुला करण्यापूर्वी या भूमीत ती नव्हती. ज्ञानोबांच्या काळच्या एकादशीस साबुदाण्याची खिचडी असणे शक्यच नव्हते! मग जे ताट मागील काही पिढ्यांनी आपल्या सोयीने मांडले, ते आपण आपल्या प्रकृतीच्या सोयीने थोडे फिरवले तर पांडुरंग रुसेल काय?

फिरवावे कसे? साबुदाणा अजिबात सोडवत नसेल तर तो वाटीभर, तोही भरपूर कूट आणि काकडीची दह्यातली कोशिंबीर यांसह घ्यावा. त्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ करावे. राजगिऱ्यात प्रथिने आणि चोथा दोन्ही चांगले. त्यात दुधी किंवा लाल भोपळा किसून घालावा. राजगिऱ्याच्या लाह्या आणि गुळातला लाडू मात्र साखर भराभर चढवतात, हे ध्यानी असावे. गूळ साखरेहून निरुपद्रवी आहे ही समजूत निराधार होय. वरीचे तांदूळ मोजके, दाण्याच्या आमटीसह घ्यावेत. दही, ताक, दूध, मूठभर शेंगदाणे वा बदाम, फळांत पेरू, पपई यांना अग्रमान द्यावा. केळे, आंबा, चिकू बेताने. दिवसभर पाणी आणि ताक पीत राहावे. आणि सारा फराळ एकाच वेळी पोटात न ढकलता तीनचार वेळा थोडाथोडा घ्यावा.

द्वादशीच्या पारण्याचीही एक सूचना. दिवसभराच्या संयमाचे उट्टे पुरणपोळीवर काढण्याचा मोह होतो. पारणे वरणभात-भाजीने, नेहमीच्याच मापाने करावे आणि गोडाचा घास प्रसादापुरता ठेवावा. औषधाची नेहमीची मात्रा केव्हा सुरू करावी हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

एखाद्या एकादशीने मधुमेह जात नाही, हेही सांगितले पाहिजे. मिताहाराचा महिमा मात्र खोटा नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या चाचणीत, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या ज्या रुग्णांना वैद्यकीय देखरेखीखाली काही महिने अत्यल्प आहारावर ठेवून वजन उतरवण्यात आले, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची साखर वर्षअखेरीस औषधाविना मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. हे रुग्णही आजार जडून सहा वर्षे उलटली नाहीत असे होते. एका दिवसाचे निराहार आणि उरलेल्या चौदा दिवसांचा स्वैराचार यातून असे फळ येत नाही.

सुश्रुतांची वारी

आपल्या प्राचीन वैद्यांना हा रोग उत्तम ठाऊक होता. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे त्यांनी टिपून ठेवले होते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात निर्धन प्रमेही रुग्णाला एक विलक्षण उपाय सांगितलेला आहे. त्याने मुनीप्रमाणे संयमाने, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने वा त्याहूनही अधिक चालावे. वाचकहो, हे वर्णन वाचून आपल्या डोळ्यांपुढे वारीच उभी राहत नाही काय? चालताना स्नायू साखर वापरतात आणि जड झालेली दारे हलकी होतात, हे आजचे शास्त्रही सांगते. जेवणानंतर दहापंधरा मिनिटे चालले तरी साखरेची चढ कमी होते.

एका बाबतीत मात्र सुश्रुतांचा सल्ला आज बाजूस ठेवावा लागेल. त्यांनी पादत्राणांविना चालावयास सांगितले. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. खडा रुतला, फोड फुटला तरी कळत नाही, आणि त्या क्षुल्लक जखमेतून पाय गमावण्याची पाळी येते. तेव्हा मधुमेही वारकऱ्याने मऊ, मापाचे पादत्राण आणि स्वच्छ मोजे घालूनच चालावे. मुक्कामी पोहोचताच पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे उजेडात न्याहाळावेत. स्वतःला दिसत नसतील तर दिंडीतल्या सोबत्याला दाखवावेत. खिशात साखरेची पुडी आणि आपल्याला मधुमेह असल्याची चिठ्ठी असावी. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नये. ओले फडके गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ते बरेच थंड राहते.

औषधाने व्रत मोडत नाही

आता मावशींच्या अश्रूंचे उत्तर. त्या संध्याकाळी आमच्या आळीतल्या विठ्ठलमंदिरात कीर्तनास आलेले वृद्ध बुवा हकीकत ऐकून आपण होऊन घरी आले. मावशी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. बुवा शांतपणे म्हणाले, "माई, तुमची एकादशी मोडली असे तुम्हांला कोणी सांगितले? महाभारतात उद्योगपर्वात ज्या आठ गोष्टींनी व्रताचा भंग होत नाही त्या मोजून सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि आठवे औषध. दुपारी तुमच्या मुखात पडले ते अन्न नव्हते, औषध होते."

मावशी उठून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि ती भाकरी?"

"तीही औषधच," बुवा म्हणाले, "वैद्याच्या हातून आली म्हणून."

हे वचन बुवांनी केवळ समजुतीखातर काढले नव्हते. व्रतांविषयीच्या धर्मनिबंधांनीही त्याचा आधार घेतलेला आहे. अशक्त माणसाला एकभुक्त राहण्याची, रात्री एकदाच जेवण्याची, फलाहाराची मुभा शास्त्रकारांनी दिली. इतकेच नव्हे, तर मुलाने, भावाने वा पतिपत्नींपैकी एकाने दुसऱ्यासाठी व्रत करावे अशीही सोय ठेवली. ज्यांनी नियम घालून दिले त्यांना माणसाचा देह ठाऊक होता. कठोर झालो ते आपण.

त्यानंतर मावशी पुष्कळ वर्षे जगल्या आणि एकादशी करीत राहिल्या. डॉक्टरांनी त्यांची गोळी बदलून दिली आणि एकादशीची मात्रा वेगळी लिहून दिली. सकाळी राजगिऱ्याचे एक थालीपीठ आणि वाटीभर दही, दुपारी पेरूच्या फोडी आणि ताक, असा त्यांचा फराळ ठरून गेला. गोळ्यांची डबी त्यांनी देव्हाऱ्यातच तुळशीच्या तबकाशेजारी ठेवली होती. पूजा आटोपून थालीपीठाचे ताट पुढ्यात आले की त्या आधी तीर्थ घेत आणि मग त्याच हातावर गोळी. नर्सबाई दर आषाढीला न चुकता चौकशीला येत. "घेतली का हो गोळी?" या त्यांच्या प्रश्नाला मावशींचे उत्तर ठरलेले असे.

"घेतली. आठवे आहे ना ते!"